नुसतं पळायचंय



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांचं पूर्ण नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी मात्र त्यांना आयुष्यभर गुरुजी म्हणत आलो आणि आजही तसंच म्हणणार आहे. आज व्याख्यान द्यायला उभा असलो, तरी बोलायचं आहे ते त्यांच्या तालमीत शिकलेल्या आणि पुढे मी विसरलेल्या एका गोष्टीबद्दल.

1974 साली, सातवीत असताना, वडिलांनी हाताला धरून मला गुरुजींच्या तालमीत नेलं. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी माझी तब्येत. गुरुजींनी वजन विचारलं नाही. पैलवान व्हायचंय का, हेही विचारलं नाही. “चपला बाहेर काढ अन् आत ये,” एवढंच म्हणाले. हौद्यातली माती नुकतीच खणून सारखी केलेली होती. तेल, ताक, हळद, लिंबू कालवून मुरवलेल्या मातीचा तो गार वास अजून माझ्या नाकात आहे. पहिल्या दिवशी माझे पाच जोर निघाले. सहाव्याला हात लटपटले आणि हनुवटी मातीला लागली. कोणी हसलं नाही. शेजारी साठीचे एक आजोबा भिंतीला हात टेकून सावकाश बैठका मारत होते. कोपऱ्यात एका पायाने अधू असलेला पोरगा मुद्गल फिरवत होता. त्या तालमीतून फड गाजवणारे पैलवान दोन-तीनच निघाले. पण रोज चाळीसेक माणसं घाम गाळून, अंग पुसून, आपापल्या कामाला जायची. त्यांतल्या कुणालाही गुरुजींनी ‘तू कशासाठी येतोस’ असं विचारलेलं मला आठवत नाही.

पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि एका महाविद्यालयात क्रीडा संचालक म्हणून 31 वर्षं काढली. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, संस्थेची नाही.

2009 चा जुलै. पावसाने उघडीप दिलेली. बी.एस्सी. पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “सर, सकाळी ग्राउंडवर आलेलं चालेल का?”

“कोणता खेळ?”

“खेळ नाही सर. नुसतं पळायचंय.”

“भरतीची तयारी करतेस?”

“नाही.”

“मग कशासाठी?”

ती गोंधळली. थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “असंच.”

मी तिला सांगितलं की सकाळी खो-खोच्या संघाचा सराव असतो, स्पर्धा संपल्या की बघू. ‘बरं सर’ म्हणून ती गेली, ती पुन्हा आली नाही. खो-खोच्या मैदानाला 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद एवढीच जागा लागते. आमचं मैदान चारशे मीटरच्या धावपट्टीचं होतं. म्हणजे एका कोपऱ्यात संघ खेळत होता आणि उरलेलं सगळं मैदान दवाने भिजून रिकामं पडलेलं होतं. त्याच्या फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती.

त्या मुलीचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण तिचं ‘असंच’ आठवतं. व्यायामाचं याहून खरं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि मी ते कारण म्हणून धरलंच नाही.

काल रात्री मी इथे, अहमदपूरला, मुक्कामाला आलो. पहाटे पाचला जाग आली तसा लातूर-नांदेड रस्त्यावर चालायला निघालो. अंधारात मोबाइलचे दिवे लुकलुकत पुढे सरकत होते. जवळ गेलो तर पोरं. पाच-सहा जणांचं एक टोळकं, मागे अजून एक, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावरून ट्रक चाललेले. एकाने पायात साधे कापडी बूट घातलेले, उजव्या बुटाचा अंगठा बाहेर आलेला. तो कडेच्या दगडावर बसून नडगी चोळत होता. विचारलं, किती दिवस झाले दुखतंय? म्हणाला, “तीन आठवडे झाले सर, पण थांबलं तर टायमिंग जातंय.” ही पोरं आपल्या भागातली सगळ्यात कष्टाळू पोरं आहेत, त्यांच्याबद्दल मला फार माया आहे. पोलीस भरतीत ग्राउंड 50 गुणांचं. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळ्याचे 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. एकेका सेकंदावर गुण अवलंबून, म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर रोज जिवाच्या आकांताने पळतात. डांबर कडक, बूट पातळ, विश्रांती नाही. नडगीच्या हाडावर रोज तोच मार बसतो आणि ते आतून दुखायला लागतं. त्याला औषध एकच, काही दिवस थांबणं आणि मऊ मातीवर हळूहळू पुन्हा सुरू करणं. पण मऊ माती ज्या मैदानात आहे त्याला कुलूप आहे.

या पोरांचं पुढे काय होतं तेही मी पाहिलंय. जो भरती झाला तो सुटला. जो नाही झाला तो दुसऱ्या वर्षी पळतो, तिसऱ्या वर्षी पळतो, आणि वयाची अट संपली त्या दिवशी त्याचं पळणं थांबतं. माझा एक विद्यार्थी सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत काढायचा. आज चाळिशीच्या आत आहे. दुकान आहे, संसार आहे, आणि साखरेची गोळी सुरू झालीय. भेटला तेव्हा म्हटलं, अरे, पळणं का सोडलंस? त्याने मलाच विचारलं, “आता कशासाठी पळू सर?” प्रश्न माझाच होता. त्या मुलीला मी विचारला होता तो.

आपल्याकडे व्यायामाला कारण लागतं. संघात असाल तर मैदान तुमचं, भरतीला उतरणार असाल तर रस्ता तुमचा, लग्न ठरत आलं की जिम लावायची, डॉक्टरांनी दम दिला की पहाटे फिरायला जायचं. यांतलं एकही कारण नसलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी, म्हणजे महाविद्यालयातले शंभरातले नव्वद, ते कुठे जाणार?

पोरं आळशी झालीत, मोबाइलने वाया घालवलीत, असं म्हणणं सोपं आहे. मी 31 वर्षं ही पोरं जवळून पाहिलीत, मला ते पटत नाही. किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती या बाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलीचा दिवस बघा. पहाटे उठून पाणी, झाडलोट, भाकरी. मग एसटीची वाट बघणं, उभ्याने प्रवास, तास, परतीची गाडी चुकली तर फाट्यावर ताटकळणं, घरी गेल्यावर पुन्हा चूल. सोयाबीनची खुरपणी आली की त्यात तेही. अशा मुलीला मी मंचावरून ‘रोज अर्धा तास व्यायाम कर’ म्हटलं, तर तिला माझा राग यावा, आणि तो रास्त आहे. पण खुरपताना कंबर एकाच बाजूला वाकते, घागर एकाच कडेवर बसते, आणि त्या कष्टातलं कुठलंच काम तिने स्वतःसाठी निवडलेलं नसतं. श्रम घरासाठी होतात. व्यायामाची वेळ माणसाची स्वतःची असते, आणि दिवसातली वीस मिनिटंही स्वतःची नसणं हीच त्या मुलीची खरी अडचण आहे.

दुसरीकडे लातूरला खोली करून नीटची तयारी करणारी पोरं. ‘लातूर पॅटर्न’ने आपल्या भागाचं नाव मोठं केलं, कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं डॉक्टर झाली, याचा मला अभिमान आहे. पण त्या खोल्यांत जाऊन बघा. दहा बाय दहाची खोली, तीन कॉट, भिंतीवर सूत्रांचे कागद. 720 गुणांच्या एका पेपरसाठी दोन-दोन वर्षं पोरगं खुर्चीला चिकटलेलं. अशा एका मुलाला भेटायला त्याच्या वडिलांसोबत गेलो होतो. मी म्हटलं, संध्याकाळी थोडं खेळत जा बाळा. वडील मध्येच म्हणाले, “नको सर. त्याला उन्हातान्हात पाठवू नका. आम्ही भोगलं तेवढं बस झालं.” त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. तळव्याला घट्टे, नखांच्या कडा काळ्या, करंगळी कधीतरी मोडून वाकडीच बसलेली. या माणसाने पन्नास वर्षं ऊन अंगावर घेतलं ते लेकराला सावलीत बसता यावं म्हणून. त्याच्या लेखी घाम म्हणजे गरिबी. पोरगं घाम न येता जगलं की आपण जिंकलो.

त्या वडिलांना मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? चूक असलीच तर आम्हा शिकलेल्या लोकांची आहे. घाम दोन प्रकारचा असतो, पोटासाठी गाळावा लागतो तो आणि आपल्या मर्जीने गाळतो तो, हे आम्ही कधी त्यांना समजावून दिलं नाही. दिलं असतं तर त्यांनाच आधी पटलं असतं. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती हीच माणसं तासन् तास उन्हात बसतात आणि चांगला डाव पडला की खिशातली नोट काढून देतात. कमावलेल्या शरीराची किंमत त्यांना कळते. ते शरीर आपल्या डॉक्टर होणाऱ्या पोराचंही असू शकतं, एवढंच कुणी बोललं नाही.

आता मी माझ्या व्यवसायबंधूंना दुखावणारं बोलतो. लहान पोराची व्यायामाशी पहिली ओळख आपण कशी करून देतो? गृहपाठ केला नाही, उठाबशा काढ. उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या मार. बोललास, ओणवा हो. बैठक हा पायांचा उत्तम व्यायाम, आणि तो आपण कान धरून शिक्षा म्हणून शिकवला. पी.टी.चा तास दहावीच्या वर्षी गणिताला देऊन टाकला, म्हणजे जो तास काढून घेता येतो तो बिनमहत्त्वाचा हेही शिकवलं. दहा-बारा वर्षं हे करून झाल्यावर अठराव्या वर्षी आम्ही पोरांच्या हातात प्रश्नावली देतो आणि विचारतो, तुम्हाला व्यायामाची आवड का नाही? पोरं ‘वेळ नाही’ असं लिहून मोकळी होतात. शिक्षेची आठवण ‘वेळ नाही’ या दोन शब्दांमागे लपलेली असते.

आणि जे खेळू शकत होते त्यांनाच मी खेळवलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ उतरवायचा, कुणी कलर होल्डर झाला की फलकावर नाव लावायचं, ढाल प्राचार्यांच्या दालनात ठेवायची. माझं काम याच मापाने मोजलं गेलं आणि मीही ते तसंच मोजलं. शे-सव्वाशे खेळाडूंसाठी मी जीव टाकला. बाकीच्या हजार-बाराशे मुलांना मी फक्त स्नेहसंमेलनाच्या खेळांत, प्रेक्षक म्हणून पाहिलं.

थोडं विज्ञानाकडे येतो, कारण ‘व्यायाम केल्याने शरीर निरोगी राहते’ हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून त्यातला जीव गेलाय. 1950 च्या आसपास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. हृदयविकार इतका का वाढतोय हे त्यांना शोधायचं होतं. तिथल्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून खालीवर. दोघांचं खातं एक, वस्ती तीच, पगारही फार वेगळा नाही. हजारो कामगारांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होतो, आणि झालाच तर उशिरा होतो. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, तिकिटं फाडत होते. तरी हृदयाने तो हिशेब धरला.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं वर्षानुवर्षं अभ्यासली. भारतीय बाळ जन्मतः वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे त्यांनी दाखवलं. 2004 साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. युडकिन लांब पल्ल्याचे धावपटू, आणि याज्ञिकांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की त्यांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. फरकामागे जन्मापासूनची बरीच कारणं आहेत, पण आपल्याला घ्यायचं ते हे: वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला पोरगा आतून सडपातळ असेलच असं नाही. ‘आमच्या पोराला काय झालंय, अंगावर मास नाही त्याच्या’ या वाक्यावर कुणी निर्धास्त राहू नये. आपल्यात मधुमेह पोट सुटायची वाट बघत नाही. 2023 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आलं की देशात 10 कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींच्या वर त्याच्या उंबरठ्यावर आहेत. वापरात असलेला स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो. हे काम त्याच्याकडून करून घ्यायची सवय विसाव्या वर्षी लावली तर लागते. हाडांचंही तसंच. तिशीच्या आत हाडांत जेवढं साठवाल तेवढ्यावर पुढचं आयुष्य काढायचं. मुलींच्या बाबतीत तर हे फारच खरं, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त हात आखडलेत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते, म्हणजे झपझप चालणं धरलं तरी चालेल. 2022 सालच्या हिशेबात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढंही करत नव्हते. पुरुषांत 42 टक्के, बायकांत 57 टक्के. बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाणही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 57 टक्केच निघालं. आकडे सारखे आले तो योगायोग. पण शेवटी वाढून घेणारी आणि स्वतःसाठी वेळ नसणारी बाई एकच, हे तुमच्या-माझ्या घरात दिसतं.

मुली कुठे चालतात, माहीत आहे? गच्चीवर. मुलींच्या वसतिगृहाशेजारी मी काही दिवस राहायला होतो. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती मुली फेऱ्या मारायच्या. टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत वीस पावलं, वळायचं, पुन्हा वीस पावलं. कुणी ओरडू नये म्हणून हातात पुस्तक. समोर शंभर पावलांवर महाविद्यालयाचं मैदान. तिथे यायला त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. पण कट्ट्यावर पोरं बसलेली असतात, पँट घालून पळालं की कुणीतरी घरी सांगतं, आणि घरचे म्हणतात, “कुठं उंडारायला जातीस गं?” गच्चीवर हे काही नसतं. हे बदलायला मुलींना धीर देणारी भाषणं पुरणार नाहीत. कट्ट्यावरच्या पोरांना उठवावं लागेल, मैदानावर एक बाई शिक्षिका उभी राहावी लागेल, आणि रोज एक तास असा लागेल की ज्या तासाला मैदान मुलींचंच. धाराशिवच्या सारिका काळे हिला 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचा खेळ मातीतला, त्याला महागडं साहित्य लागत नाही. लागते ती जागा, आणि ‘जा, खेळ’ म्हणणारं कुणीतरी.

आपल्या या मातीत व्यायामाला मोठी परंपरा आहे, हे काही मी भाषण रंगवायला सांगत नाही. अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, आणि 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाच्या काळी आर्य समाजाने उदगीर, निलंगा या भागांत जिथे शाखा काढल्या तिथे व्यायामशाळा काढल्या. आखाड्यात चार पोरं एकत्र जमून दंड काढतात, हे सरकारच्या डोळ्यात सलायचं, आखाड्यावर नजर असायची. ज्यांना उघडपणे सभा घेता येत नव्हती ती माणसं हौद्यात एकमेकांना भेटायची. 1948 नंतर तालमींचा तो अर्थ संपला, पण कुस्ती राहिली. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी मल्ल घडवले. पाटोद्याचा राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला, तो त्यांचा चेला.

अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, त्या मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. ही माणसं व्यायाम हा प्रत्येकाचा धर्म समजत. आपण त्यांच्यातून नेमका पैलवान तेवढा उचलला, आणि आजोबा, अधू पोरगा, काडीपैलवान यांना तालमीबाहेर काढलं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला रोज काही किलोमीटर पायी, पळत जायचा, कारण वाहन नव्हतं. बारावीनंतर तो फौजेत गेला, सियाचीनला राहिला, आणि तिथून पुढे धावपटू झाला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत त्याने स्टीपलचेसचं रौप्य घेतलं, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाला. हा पोरगा मराठवाड्यातच वाढला. त्याच्या पायात काय आहे हे इथल्या कुठल्या मैदानाने ओळखलं नाही, फौजेने ओळखलं. असे किती जण न ओळखता राहिले असतील, या विचाराने मला झोप लागत नाही. पण त्याहून मोठा विचार आहे तो सर्वसाधारण पोरांचा, ज्यांच्या पायात पदक नाही, पण जे अजून पन्नास वर्षं त्याच पायांवर चालणार आहेत.

जिमबद्दल थोडं बोलतो, कारण पोरं मला नंतर अडवून तेच विचारतील. जिम वाईट नाही. वजन उचलणं सगळ्यांनाच चांगलं, मुलींनाही. पण तीन महिन्यांत बॉडी दाखवतो म्हणून कुणी डबे आणि इंजेक्शनं विकत असेल तर तिथून उठून या. भरतीच्या आधी दम वाढवायला सुई टोचून घेणारी पोरं मी पाहिलीत, आणि मैदानावर कोसळून पोरं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्यात. दम सुईने येत नाही. तो महिन्यामहिन्याने, आज पाऊण फेरी, उद्या एक, असाच येतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मी एकच गोष्ट केली, आणि ती आधी 29 वर्षं करता आली असती. पहाटे साडेपाचला फाटकाचं कुलूप काढायचं आणि साडेसातपर्यंत लावायचं नाही. संघ असो नसो, नाव नोंदवायचं नाही, हजेरी नाही, शिट्टी नाही. आमच्या संस्कृतच्या बाई मुलींसोबत यायला तयार झाल्या, त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी अकरा जण आले. दोन मुली चपलांवर आल्या होत्या, त्यांनी त्या फाटकाशी जोडीने काढून ठेवल्या आणि अनवाणी पळाल्या. एकीने ओढणी कमरेला आवळून बांधली. पहिल्या फेरीत नुसती खिदळणी, एकमेकींना ढकलणं. दुसऱ्या फेरीला हसणं कमी झालं. तिसऱ्या फेरीला कुणीच बोलत नव्हतं, ओल्या मातीवर पावलांचा धपधप आवाज आणि श्वास तेवढा ऐकू येत होता. मी फाटकाजवळ उभा होतो. मधूनच एक मुलगी थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि पुन्हा निघाली. तिला कुणी ‘अजून एक फेरी मार’ म्हटलेलं नव्हतं.

वर्षभरात ती संख्या कधी साठ झाली, परीक्षेच्या दिवसांत वीसवर आली, पावसाळ्यात पाचवर. भरतीची पोरं डांबरी रस्ता सोडून आत आली आणि नडगीच्या तक्रारी कमी झाल्या. आसपासच्या वस्तीतल्या बायका नऊवारीखाली बूट घालून चालायला येऊ लागल्या, त्यांच्यामुळे मुलींच्या घरचे निवांत झाले. एका प्राध्यापकांनी मला विचारलं, यातून स्पर्धेला किती खेळाडू निघाले? एकही नाही, असं मी सांगितलं. ते सांगताना मला वाईट वाटलं नाही.

संस्थाचालकांना माझं मागणं आहे ते खर्चाचं नाही. ग्रंथालयात जाताना विद्यार्थ्याला आपण ‘कोणतं बक्षीस मिळवणार’ असं विचारत नाही. मैदानाला तोच नियम लावा. दोन दिवे लावा, पिण्याच्या पाण्याचा नळ चालू ठेवा, मुलींसाठी कपडे बदलायची एक खोली आतून कडी लागेल अशी करून द्या. शिक्षकांनी उठाबशांची शिक्षा आजपासून बंद करावी. आईवडिलांनी नीटच्या पोराला संध्याकाळी अर्धा तास खोलीबाहेर काढावं. अभ्यास बुडेल ही भीती मी समजू शकतो. 2011 साली अमेरिकेत 120 वयस्कर माणसांवर एक प्रयोग झाला. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी संबंध असलेला भाग दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांचा कमी झाला. तो प्रयोग म्हाताऱ्यांवरचा होता, तुमच्या पोरावरचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण दोन वर्षं खुर्चीत बसून स्मरणशक्ती वाढते असं मात्र कुणी कुठेही दाखवलेलं नाही.

संयोजकांनी मानधनाचं पाकीट पुढे केलं तेव्हा मी त्यांच्याकडे पैशाऐवजी दुसरं काही मागितलं आणि त्यांनी ते आनंदाने कबूल केलं. उद्या पहाटे साडेपाचला इथल्या मैदानाचं फाटक उघडं असेल. मुलींसोबत एक बाई शिक्षिका असतील, पाण्याची कॅन आहे. मी उद्या दुपारच्या गाडीने जाणार आहे, तोवर इथेच आहे. बूट नसतील तर अनवाणी या, आत गवत आहे, खडे आज संध्याकाळीच वेचलेत. कुणाला पळायचं असेल त्याने पळावं, चालायचं असेल त्याने चालावं. रस्त्यावर नडगी चोळत बसलेला तो मुलगा इथे असेल तर त्याने उद्या पळायचं नाही, माझ्याजवळ येऊन बसायचं, त्याला पोटऱ्या ताणायचे दोन प्रकार दाखवायचेत. कशासाठी आलात, हे मी कुणालाही विचारणार नाही.